झुंबरबाईच्या पायांवरचं बाळ

१

लॅबमध्ये शिरलं की आधी केस टोपीत कोंबायचे, मग मास्क, मग हातमोजे, आणि त्यांच्यावर पुन्हा हातमोजे. सातव्या महिन्यात यात ॲप्रनच्या कटकटीची भर पडली, कारण पोटावरची बटणं लागेनात. आमच्या प्रमुख अनुजा मॅडम म्हणाल्या, "शिवलीला, मोठा मागवू का?" मी म्हटलं, "कशाला? हे पोट काही कायमचं नाही." मी तशी फटकळच आहे, आणि पोटुशी बाईनं गोडच बोलावं अशी जी सगळ्यांची अपेक्षा असते तिचा मला त्या दिवसांत फार वैताग यायचा.

काम मात्र आवडायचं. गुन्ह्यातल्या एखाद्या वस्तूवर कुणाच्या तरी कातडीच्या चार पेशी सापडतात, त्यातही दोघातिघांची सरमिसळ. ज्याचं माहीत आहे त्याचं वजा करायचं आणि उरलेलं कुणाचं ते सांगायचं. आमटी चाखून मीठ कुणी टाकलं हे ओळखण्यासारखं ते आहे. चूक झाली तर भलताच माणूस तुरुंगात जातो, म्हणून मी स्वतःच्या डोळ्यांवरही पटकन विश्वास ठेवत नाही.

त्या सकाळी सबइन्स्पेक्टर धैर्यशील आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले.

"मॅडम, हुपरीच्या झुंबरबाईची केस आठवती का? सहा वर्सं झाली बघा."

मला कुठली आठवायला? सहा वर्षांपूर्वी मी धारवाडला शिकत होते, लग्नही झालं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. झुंबरबाई म्हणजे हुपरीतली एक म्हातारी, बाळंतिणींच्या घरी जाऊन तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायची. एका सकाळी कामाला म्हणून बाहेर पडली आणि संध्याकाळी गावाबाहेर उसाच्या कडेला सापडली. डोक्यात मागून काहीतरी जड घातलेलं. मारली होती दुसरीकडेच, तिथे नुसती आणून टाकली होती. पदर ओला होता आणि नडग्यांवर तेल आणि डाळीचं पीठ होतं.

"म्हंजी बाळाला न्हाऊ घालतानाच मारली," धैर्यशील म्हणाले. "पाय लांब करून बसल्याली, मढं तसंच ताठ झालतं. पण बाळ कुणाचं? हुपरीत ज्या ज्या घरात तान्हं हुतं त्या सगळ्यांनी सांगितलं, आमच्याकडं त्या दिवशी आलीच न्हाय. बाळ कळलं की घर कळतंय, आन् घर कळलं की खुनी कळतोय. सोपं हाय की."

"नडग्यांवरचा नमुना ठेवलाय का?"

"तुमच्याच फ्रीजरात हाय. तवा काय निघालं न्हाय. आता नवीन किट आलंय म्हणं तुमच्याकडं."

जाताना ते दारात थांबले. गावात असं बोलतात, म्हणाले, की बाळाच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि ते झुंबरबाईच्या हातातच गेलं. म्हणून घरच्यांनी संतापून तिला मारलं आणि बाळ गुपचूप पुरलं. "मला बी तसंच वाटतंय," असं म्हणून ते जिना उतरले. माझा हात आपोआप पोटावर गेला. असल्या गोष्टी ऐकवायला यांना मीच बरी सापडते, असं मनात आलं.

२

निकाल आला तेव्हा भर दुपार होती. पडद्यावरच्या आलेखात उंच टोकं झुंबरबाईची होती आणि त्यांच्या खाली बुटकी टोकं दुसऱ्या कुणाची तरी. उंच टोकं वजा केल्यावर जे उरलं ते चांगलं स्वच्छ होतं. बाईमाणसाचं होतं. म्हणजे ती मुलगी होती.

आमच्या कामातली एक साधी गोष्ट सांगायला हवी. डीएनएतल्या काही ठरावीक जागा आम्ही बघतो. प्रत्येक जागी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. लॅबमधल्या सगळ्यांचे आकडे संगणकात आधीच घालून ठेवलेले असतात, आमचीच शिंक नमुन्यात गेली तर कळावं म्हणून. नेहमीप्रमाणे मी त्यांच्याशी ताडून बघितलं. माझ्या नावापुढे पिवळी खूण आली.

लाल आली असती तर स्वतःला दोन शिव्या घालून मी काम पुन्हा केलं असतं. लाल म्हणजे पूर्ण जुळलं, म्हणजे घाण मीच केली. पिवळी म्हणजे अर्धं जुळलं. मी एकेक जागा बघत गेले. प्रत्येक जागी दोनांतला एक आकडा माझा होता. दुसरा माझा नव्हता. एकही जागा सुटली नाही.

असं फक्त आईबाप आणि लेकरात होतं. दुसऱ्या कुठल्याही नात्यात कुठे ना कुठे तरी बिनसतंच. मी खुर्ची मागे घेतली. एसी घरघरत होता, शेजारच्या खोलीत कुणीतरी नळ्या फिरवायला लावल्या होत्या, आणि सकाळपासून लाथा मारणारं पोटातलं पिल्लू एकदम गप्प झालं होतं. मला भीती वाटली, आणि कशाची वाटते हे सांगता येईना म्हणून स्वतःचा रागही आला.

३

मी काही भाबडी नाही. पहिला विचार आईचाच आला, कारण आईचेही आकडे असेच जुळले असते. पण माझी आई मी बारावीत असताना गेली, झुंबरबाईच्या कितीतरी आधी. बहीण मला नाही. मग नमुन्यात माझंच काहीतरी मिसळलं असेल, असं धरून चालले. पण मी शिंकले असते, घाम पडला असता, तर माझे दोन्ही आकडे आले असते. इथे एकच येत होता. माझ्या पोटातलं बाळ मला वगळून त्या नळीत गेलं कसं? आणि घाण कळावी म्हणून सोबत नमुना न घालता चालवलेली नळी कोरीच निघाली होती.

अनुजा मॅडमना सांगितलं, तर त्यांनी मला घरी पाठवून दिलं. त्याच नमुन्याची सहा वर्षं सील असलेली दुसरी नळी त्यांनी स्वतःच्या हातानं उघडली. एक-दोन दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर दोन आलेख होते, एक त्यांनी केलेला आणि एक सहा वर्षांपूर्वीचा, जुन्या किटचा.

"त्या वेळी फारसं काही निघालं नाही हे खरं," मॅडम म्हणाल्या, "पण चार-पाच जागा दिसल्या होत्या. त्या सगळ्या आजच्याशी जुळतात."

"आणि माझ्याशी?"

"अर्ध्या. तुला दिसल्या तशाच." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझी कुणी मावशी वगैरे आहे का हुपरीत?"

"मावशीचं असं प्रत्येक जागी जुळत नाही, मॅडम. तुम्हीच शिकवलंय मला."

त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पेशी किती थोड्या आहेत बघ. एवढ्याशात योगायोगानंही जुळतं. तू दमलीयस, पोटुशी आहेस. डोक्यात घेऊ नकोस." मला त्यांचं म्हणणं पटवून घ्यायचं होतं, अगदी मनापासून. पण सहा वर्षांपूर्वी, मी धारवाडच्या हॉस्टेलवर असताना, कुणीतरी अनोळखी माणसानं छापलेला तो कागद माझ्यासमोर पडला होता.

४

आम्ही शिवाजी पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, माझा नवरा राजशेखर आणि सासूबाई चन्नम्मा. आमच्यात सासूला कानडी वळणानं अत्ती म्हणतात. राजशेखर इचलकरंजीत लूमचे सुटे भाग विकतो, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा अत्ती जुन्या धोतराची दुपटी शिवत बसल्या होत्या.

"शिवा, न्हाऊ घालायला बाई बघून ठेवलीया," त्या म्हणाल्या. "हुपरीची हाय. हात लई हलका हाय म्हणत्यात."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. "नाव काय तिचं?"

"नाव कशाला पायजे? बाई म्हणत्यात समदी."

"नको अत्ती. मी घालेन आंघोळ."

"तू?" त्यांनी सुई दुपट्यात खोचली. "पहिलटकरीण तू. पोराला पायावर कसं घ्यायचं ठावं हाय का? का मोबाइलात बघून घालणार हायस?"

तेवढ्यात बाथरूममधून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. एक तांब्या, मग थोडं थांबून दुसरा. कुणीतरी सावकाश, बेतानं ओतत असावं तसा.

"आत कोण आहे?"

"कोण असणार? नळ गळतोय. राजूला किती सांगितलं."

गळणारा नळ असा थांबून थांबून गळत नाही. मी जाऊन बघितलं. फरशी कोरडी होती. डाळीच्या पिठाचा वास येत होता, पण अत्ती रात्रीला पिठलं करणार होत्या, तेव्हा तो स्वयंपाकघरातूनही आला असेल. मी दिवा मालवला आणि दाराला बाहेरून कडी घातली. कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं.

रात्री जेवताना अत्ती म्हणाल्या, मुलगा काय आन् मुलगी काय, आमाला दोनी सारखी. सोनोग्राफीच्या खोलीत पाटी असते, गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे. मला ते कुणीच सांगितलं नव्हतं. मला ते एका खुनाच्या नमुन्यातून कळलं होतं, आणि पापडाचा तुकडा मोडत असताना मी मनातल्या मनात बाळाला 'ती' म्हणायला लागले होते हे माझ्या ध्यानात आलं.

जेवण झाल्यावर मी राजशेखरला तोंड उघडायला सांगितलं आणि त्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. नवीन किट तपासायचंय म्हणाले. "मला खुनी ठरवतीस काय?" असं म्हणून तो हसला. मीही हसले.

५

उरलेला आकडा राजशेखरचा होता. प्रत्येक जागी.

हे मी मॅडमनाही सांगितलं नाही. आलेखाचा कागद घडी करून पर्समध्ये घातला. वेड्यासारखं आहे, हे मला कळत होतं. पण भीतीचं गणित फार सरळ होतं. नडग्यांवरचं ते बाळ माझं असेल आणि ते झुंबरबाईच्या हातात गेलं असेल, तर माझी लेक मरणार होती. जन्माला यायच्या आधीच तिच्या मरणाचा पुरावा माझ्या फ्रीजरमध्ये होता. हे सगळं खोटं आहे असं मी दिवसभर स्वतःला बजावायचे आणि संध्याकाळी पुन्हा तोच आलेख उघडून बसायचे.

धैर्यशील पुन्हा आले. त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं. "फोटू हाय तिचा. जिवंतपणीचा. बघा तरी, कशी हुती म्हातारी."

"नको," मी म्हटलं. मला तिचा चेहरा माहीत करून घ्यायचा नव्हता.

"बरं, घावलं का काय?"

मी अहवाल त्यांच्या हातात दिला. मिश्र नमुना आहे, दुसऱ्या व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझी सही होती आणि मॅडमची. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हंजी ह्या बी वेळी न्हाय," ते म्हणाले. "तिचा ल्योक अजून येतो हो ठाण्यात. चांदीचं काम करतोय. येतो, बसतो, च्या पितो आन् जातो. इचारत बी न्हाय आता काय."

त्यांच्याकडे मला बघवेना. एका माणसाच्या आईचा खुनी शोधण्याचा जो एकच धागा होता तो मी माझ्या हातानं तोडला होता, आणि याची मला लाज वाटत होती. पण दुसरं लिहायचं तरी काय होतं? खून झाला तेव्हा ज्यांचं लग्नही झालं नव्हतं त्या नवराबायकोचं, अजून न जन्मलेलं बाळ?

६

मुलगी झाली. लक्ष्मी आली, लक्ष्मी आली म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले. मी एकटीच चकित झाले नाही. तिला आम्ही मोना म्हणायला लागलो.

दवाखान्यातच मी तिच्या गालातून काडी फिरवली आणि भेटायला आलेल्या अनुजा मॅडमच्या हातात दिली. कुणाची ते सांगायची गरज नव्हती. जुळलं नाही तर मी मोकळी, मग हवी ती बाई येऊ दे, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. मॅडमचा फोन आला तेव्हा मोना दूध पिऊन झोपली होती.

"सगळ्या जागा," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही आकडे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "शिवलीला, पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"तिला सांभाळ. आणि हे कुणाजवळ बोलू नकोस."

मी बाई येऊ दिली नाही. अत्तींनाही मोनाला पाण्याजवळ नेऊ द्यायचे नाही. ओल्या फडक्यानं पुसून काढायचे, तेही पलंगावर, दार सताड उघडं ठेवून. पाणी तिच्या नाकापासून लांब राहावं म्हणून मी तिचा गळाही नीट पुसत नसे. महिन्याभरात तिच्या गळ्याच्या वळ्यांत लाल चट्टे उठले, दूध साठून वास यायला लागला. ती रात्रंदिवस किरकिरायची. राजशेखर मला डॉक्टरकडे चल म्हणायला लागला, तिला घेऊन नव्हे, मलाच घेऊन.

एक दिवस अत्तींनी तिला माझ्या हातातून घेतलं आणि तो गळा बघून पदर तोंडाला लावला. "तुझ्या पाया पडते बाई," त्या म्हणाल्या. "पोर सोलून निघाय लागलंय. कसली शास्त्रं शिकलीस गं तू? एकदा तरी तिला धड न्हाऊ घालू दे."

"नाही म्हणजे नाही."

"बघू," अत्ती म्हणाल्या. एवढंच. त्या कधीच 'बघू' म्हणत नाहीत, भांडायचं तर तोंडावर भांडतात. त्या दिवसापासून मी झोपतानाही एक हात मोनावर ठेवायला लागले.

७

दुपार होती. अत्ती भाजीला जाते म्हणून बाहेर पडल्या. मी दार लावून घेतलं, मोनाला कुशीत घेऊन आडवी झाले. खाली गल्लीत पोरं फुटबॉल खेळत होती, चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. मला झोप लागली असावी.

जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. एक तांब्या, मग थोडं थांबून दुसरा.

कुशीत नुसतं दुपटं होतं.

मी उठले.  अत्तींकडे दाराची दुसरी किल्ली असते, हे मी स्वतःला सांगत होते. मी झोपल्यावर त्यांनी गुपचूप बाईला आत घेतलं असणार, एवढंच आहे, दुसरं काही नाही. पण दाराशी अत्तींच्या चपला नव्हत्या. दुसऱ्या कुणाच्याही नव्हत्या. खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बोळात, घर तरी केवढंसं, पण मला पोचायला फार वेळ लागला. घरभर तापल्या तेलाचा आणि डाळीच्या पिठाचा वास भरून राहिला होता.

बाथरूमचं दार उघडं होतं. पाटावर एक म्हातारी माझ्याकडे पाठ करून बसली होती. पातळ गुडघ्यांवर ओढलेलं, दोन्ही पाय समोर लांब केलेले. त्या पायांवर मोना पालथी पडली होती. ती हलत नव्हती आणि रडत नव्हती.

माझ्या लेखी ती त्या क्षणी गेली. सगळे महिने मी ज्याला घाबरत होते ते झालं होतं, आणि मी दारात उभी राहून बघत होते. ही झुंबरबाई का अत्तींनी आणलेली कुणी जिवंत गरीब बाई, हा विचार मनाला शिवून गेला. तो फोटो मी बघितला नव्हता. बघितला असता तरी आता समोर नुसती पाठ होती.

म्हातारीनं तळहातात पाणी घेऊन मोनाच्या पाठीवरून सोडलं. मग एका हातानं मान आणि एका हातानं कंबर धरून तिला अलगद उताणी केली. गळ्याच्या वळ्या तिनं दोन बोटांनी उलगडून, तेल लावून, स्वच्छ केल्या होत्या. मोनानं डोळे उघडले आणि मोठी जांभई दिली. इतके दिवस किरकिरणारी माझी पोर सुखानं पाय ताणत होती.

"भिऊ नगंस," म्हातारी मागे न बघता म्हणाली. आवाज दमलेला होता, पण त्यात राग नव्हता. "पोरगी ब्येस हाय. जरा आंग भाजलं हुतं, पाणी लागलं की निवलं."

 मला तिला थांब म्हणायचं होतं, तू कोण म्हणून विचारायचं होतं, जा म्हणायचं होतं. गल्लीतला चेंडूचा आवाज थांबला होता. पोरगी पायांवर ठेवून म्हातारी तशीच बसून राहिली, मान खाली घालून, वाट बघत.

"आदी तिला उचल बाई," ती म्हणाली. "मग काय करायचं ते कर."

मी वाकले आणि मोनाला डाव्या हातानं उचलून छातीशी धरलं, कारण माझा उजवा हात मोकळा नव्हता, त्यात स्वयंपाकघरातून येताना उचललेला वरवंटा होता.